काळी यादी ठेवावी, पण कशी?

अमक्याचे नाव काळ्या यादीत गेले, हे ऐकले की आपल्याला मनातून बरे वाटते. कोठेतरी न्याय झाला, दुष्टाला शासन झाले, असे वाटते. आणि त्या यादीत आपण नाही, याचेही एक समाधान त्यात मिसळलेले असते. यादी कोणी केली, कोणत्या पुराव्यावर केली, नाव चुकून गेले असेल तर ते काढायला कोणाच्या दारात उभे राहायचे, हे प्रश्न आपण विचारीत नाही. पूल कोसळवणाऱ्या ठेकेदाराच्या बाबतीत ते विचारावेत असे कोणाला वाटणार! परंतु आज मी ज्या काळ्या यादीबद्दल लिहिणार आहे तिच्यात माणसांची नावे नसतात, नुसते आकडे असतात. आणि त्या आकड्यांमागे कोण उभे आहे हे यादी करणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. ई-मेलने येणारी रद्दी, म्हणजेच स्पॅम, अडवण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या याद्या त्या ह्या. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न तंत्राचा थोडा आणि न्यायाचा अधिक आहे. आणि न्याय हा विषय अजून तरी विज्ञान शाखेकडे गेलेला नाही.

रद्दीचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. कोणी ते मागितले नव्हते. त्यांना बोलणी खावी लागली. पण यंत्रे खपली, असे ते पुढे सांगत. १९९४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची आपली जाहिरात यूजनेटवरच्या हजारो गटांत चिकटवली. 'स्पॅम' हे नाव मूळचे डबाबंद मांसाचे. १९७० साली मॉन्टी पायथन या इंग्रजी विनोदी मंडळींनी दूरचित्रवाणीवर एक प्रहसन केले. त्यातल्या उपाहारगृहात जो पदार्थ मागावा त्यात हे मांस असतेच, आणि शेवटी त्याच एका शब्दाच्या गजरात बाकीचे सारे बोलणे बुडून जाते. आपल्या टपालपेटीचे वर्णन याहून चांगले कोणी करील असे वाटत नाही.

यामागे एक साधा हिशेब आहे. टपालखात्यातून पत्र पाठवायचे तर तिकीट पाठवणाऱ्याने लावायचे असते. म्हणून दहा लाख पत्रे पाठवण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करतो. ई-मेलमध्ये तिकीट जवळजवळ नाहीच. खर्च पडतो तो घेणाऱ्यावर : त्याच्या यंत्रावर, त्याच्या जागेवर, त्याच्या वेळेवर. दहा लाखांत पाच गिऱ्हाइके सापडली तरी पाठवणारा फायद्यात. अशा माणसाला उपदेश करून काय होणार? त्याला दारातच अडवले पाहिजे.

दारात अडवण्याची युक्ती १९९७ साली पॉल विक्सी या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने प्रचारात आणली, आणि ती खरोखर सुरेख आहे. पत्र घेऊन येणारे प्रत्येक यंत्र आपला आय.पी. पत्ता घेऊनच येते. तो त्याला लपवता येत नाही. समजा पत्ता २०३.०.११३.७ असा आहे. घेणारे यंत्र तो उलटा करते, ७.११३.०.२०३, त्यापुढे यादीचे नाव जोडते आणि इंटरनेटच्या नेहमीच्या नाव-शोध व्यवस्थेला विचारते : असे काही नाव आहे का? 'नाही' असे उत्तर आले तर या, बसा. '१२७.०.०.२' यासारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे, दार बंद. हे सारे क्षणार्धात, आणि मुख्य म्हणजे पत्र न उघडता होते. शब्द तपासणाऱ्या चाळण्याही आहेत. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ च्या लेखानंतर त्यांचा बराच बोलबाला झाला. पण त्यांना पत्र वाचावे लागते, आणि ज्या भाषेतली पत्रे त्यांनी फारशी पाहिलेली नाहीत त्या भाषेत त्या कच्च्याच राहणार. यादी मात्र एवढेच विचारते की पत्र आणले कोणी. पत्र मराठीत असो की जपानीत, तिला फरक पडत नाही. म्हणून काळी यादी असूच नये, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. ती नसती तर ई-मेल केव्हाच निरुपयोगी झाली असती.

आता अडचणीकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या विभागाने एक चर्चासत्र घेतले. निमंत्रणे पाठवण्याचे काम सरांनी माझ्याकडे सोपवले होते. विभागाचे संकेतस्थळ एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने आहे, तेथूनच ६० प्राध्यापकांना पत्रे गेली. त्यांपैकी ११ पत्रे तासाभरात परत आली, आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच मजकूर : तुमचा पत्ता अमुक यादीत आहे. आम्ही कोणाला काय विकले होते? चौकशी करता कळले की त्या एकाच आय.पी. पत्त्यावर आमच्यासारखी शेकडो बिऱ्हाडे राहतात, आणि त्यांतल्या कोणीतरी, किंवा कोणाच्या तरी फोडलेल्या कुलपातून शिरलेल्या चोराने, रात्रभर औषधांच्या जाहिराती पाठवल्या होत्या. सुक्याबरोबर ओलेही जळाले. कंपनीने शेजाऱ्याला बाहेर काढून यादीतून पत्ता सोडवीपर्यंत चार दिवस गेले.

पण माझी तक्रार त्या ११ पत्रांबद्दल नाही. ती परत आली, म्हणून आम्हाला कळले. आम्ही फोन केले, ती मंडळी आली. तक्रार आहे ती आणखी सहा-सात जणांबद्दल, ज्यांची पत्रे परतही आली नाहीत आणि पोचलीही नाहीत. त्यांच्या संस्थांच्या सर्व्हरने ती 'घेतली' आणि गुपचूप टाकून दिली. त्यांतल्या एक बाई पुढे महिन्याने सरांना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ''मला बोलावले नाहीत ते!'' सरांना काय उत्तर द्यावे ते सुचेना. नाकारणे आणि गिळून टाकणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दारातच '५५०' क्रमांकाचा नकार दिला तर पाठवणाऱ्याला कळते की पत्र गेले नाही, का गेले नाही, आणि दाद कोठे मागायची. खऱ्या रद्दीवाल्याला त्या नकाराशी कर्तव्य नसते, तो वाचतही नाही. प्रामाणिक माणसाला मात्र तो एकच दिवा असतो. तो विझवून काय मिळवले?

शेजाऱ्याच्या पापाबद्दल शेजाऱ्याला धरणे हे आमच्या बाबतीत नकळत घडले. ते जाणूनबुजून करणाऱ्याही याद्या होऊन गेल्या. स्प्यूज नावाची एक यादी २००६ पर्यंत चालू होती. ती कोण चालवते हे कोणालाच माहीत नव्हते. तिची पद्धत अशी : एखादी कंपनी रद्दीवाल्या गिऱ्हाइकाला हाकलत नाही असे दिसले की यादीवाले आधी त्या गिऱ्हाइकाचे पत्ते टाकीत, मग आजूबाजूचे, मग आणखी आजूबाजूचे, असे वर्तुळ वाढवीत नेत. निरपराध गिऱ्हाइकांनी कंपनीकडे ओरड करावी म्हणजे कंपनी हलेल, हा त्यातला हेतू. हेतू काही वेळा सफल होई, हे मी नाकारीत नाही. नेटवर्क चालवणारे जाणते लोकही तिचे समर्थन करीत. ते म्हणत की गैर धंद्याला आसरा देणाऱ्याकडे जे भाडे भरतात त्यांनी घर बदलावे. पण जिल्ह्याच्या ठिकाणचे एक महाविद्यालय, वर्षाकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या अनुदानातून सर्व्हरवर एक कोपरा भाड्याने घेणारे. त्याने शेजारच्या शेकडो बिऱ्हाडांची चारित्र्ये कशी तपासायची? निरपराधाला त्रास दिला की अपराध्यावर दडपण येते, या युक्तीला जगात दुसरे नाव आहे. ओलीस धरणे हे ते नाव.

यावर यादीवाल्यांचे एक ठरलेले उत्तर असते. ''आम्ही कोणाचेही पत्र अडवीत नाही. आम्ही आमचे मत प्रसिद्ध करतो. ते मानायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या सर्व्हरचा मालक ठरवतो.'' तांत्रिकदृष्ट्या हे शंभर टक्के खरे आहे. पण गावाने एखाद्याला वाळीत टाकले तर तेथेही प्रत्येक जण स्वतंत्रपणेच त्याच्याशी बोलायचे थांबतो. दुकानदार म्हणतो, मी माझ्या मर्जीने माल देत नाही. तरीसुद्धा महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागलाच ना? माणसाला जातीबाहेर टाकणे आणि यंत्राचे पत्र परत पाठवणे यांची बरोबरी मी करीत नाही, ती करणे म्हणजे पहिल्या दुःखाची थट्टा होईल. मुद्दा इतकाच की 'प्रत्येकाची मर्जी' एकाच कागदावरून चालत असेल, तर त्या कागदाच्या कर्त्याला हात झटकता येत नाहीत.

मग आधी बाजू ऐकून घ्यावी आणि नंतर यादीत टाकावे, असे म्हणायचे का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली एरुशियन इक्विपमेंट विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सरकारला तेच सांगितले होते : ज्याला काळ्या यादीत टाकायचे त्याला आधी आपले म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. सरकारी ठेक्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे. निविदा चार दिवस थांबू शकते. पण रद्दीचा पूर चार दिवस थांबत नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट पाहीपर्यंत कोट्यवधी पत्रे जाऊन पोचलेली असतात, आणि पाठवणारा नव्या पत्त्यावर बिऱ्हाड हलवून मोकळा झालेला असतो. येथे सुनावणी आधी होऊ शकत नाही. आणि नेमके म्हणूनच, आधी न देता आलेला न्याय नंतर दुपटीने द्यायला हवा. नोंद का झाली ते उघड असावे. ज्याला लागले त्याला ते दारातच कळावे. बाहेर पडायची वाट सोपी आणि फुकट असावी. आणि कोणी विनंती केली नाही तरी नोंद ठरावीक मुदतीने आपोआप गळून पडावी.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व समजायला २००८ ची एक हकिगत उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात मॅककोलो नावाची होस्टिंग कंपनी होती. ११ नोव्हेंबर २००८ रोजी तिला जोडणी पुरवणाऱ्यांनी तिची तार तोडली, आणि जगभरातली रद्दी एका दिवसात निम्म्याहून खाली आली. (काही महिन्यांत ती पुन्हा वाढली, हे ओघानेच आले.) आता गंमत पाहा : ती रद्दी मॅककोलोच्या यंत्रांतून निघत नव्हती. तेथे होती ती फक्त हुकूम देणारी यंत्रे. प्रत्यक्ष पत्रे टाकीत होते ते जगभरच्या घराघरांतले, कचेऱ्यांतले, विषाणू लागलेले संगणक, ज्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे आपल्या दारात उभा असलेला आकडा पुष्कळदा चोराचा नसतो, चोराने पळवलेल्या सायकलीचा असतो. मालक सायकल धुऊनपुसून परत रस्त्यावर आणतो तेव्हाही ती चोरीची म्हणून अडवत राहिलात, तर ती यादी अन्याय्य तर झालीच, शिवाय चुकीचीही झाली. येथे न्याय आणि परिणामकारकता यांचे भांडण नाही. शिळी यादी दोन्ही बाजूंनी वाईट.

मी वर लिहिलेल्या बहुतेक अपेक्षा काही माझ्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. इंटरनेटच्या तंत्राबद्दल ज्या आरएफसी नावाच्या क्रमांकित पुस्तिका निघतात त्यांतली ६४७१ क्रमांकाची, जानेवारी २०१२ ची पुस्तिका याच विषयावर आहे. यादीचे निकष जाहीर असावेत, नोंदींचा पुरावा जपून ठेवावा, नोंदी तात्पुरत्या असाव्यात, असे ती सांगते. पैशाच्या बाबतीत तिची भाषा अशा कागदपत्रांच्या मानाने चांगलीच तिखट आहे : यादी वापरणाऱ्याकडून वर्गणी घ्यायला हरकत नाही, पण यादीत अडकलेल्याकडून सुटकेसाठी पैसे घेणे हे खंडणीच्या फार जवळ जाते, म्हणून ते मुळीच करू नये, आणि जी यादी तसे करते ती वापरूच नये, असे तिचे म्हणणे. सॉर्ब्स या जुन्या यादीत एके काळी काही नोंदी उठवण्यासाठी ५० डॉलर धर्मादाय निधीला देण्याची अट होती. पैसा यादीवाल्यांच्या खिशात जात नव्हता, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. तरीही मला ते पटत नाही. दंड करायचा तर अपराध सिद्ध करावा लागतो, आणि दंडाची पावती न्यायाधीशाच्या आवडत्या देवळाच्या नावे फाडता येत नाही. ही यादी जून २०२४ मध्ये बंद झाली.

यादीवाल्यांचीही बाजू आहे, आणि ती मांडल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ साली लंडनमध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस ही संस्था घ्या. २००६ साली ई३६० इनसाइट या अमेरिकन कंपनीने यादीत टाकल्याबद्दल तिच्यावर इलिनॉय राज्यात खटला भरला. आपण ब्रिटिश, अमेरिकन न्यायालयाचा आपल्याशी संबंध काय, अशी भूमिका घेऊन स्पॅमहाउसने बचाव सोडून दिला, आणि एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली! वरच्या न्यायालयाने रक्कम पुन्हा तपासायला लावली. २०१० मध्ये ती २७,००२ डॉलर झाली, आणि २०११ मध्ये ३ डॉलर. अक्षरी तीन. कंपनीला आपले नुकसान सिद्धच करता आले नाही. मार्च २०१३ मध्ये याच संस्थेवर त्या वेळपर्यंतच्या सर्वांत मोठ्या हल्ल्यांपैकी एक झाला. तिच्या यंत्रांवर खोट्या विनंत्यांचा एवढा मारा केला गेला की ती कोलमडावीत. अशा जगात यादीवाला आपले घर कोठे आहे हे सांगत नसेल, तर मी त्याला भेकड म्हणणार नाही. माणूस लपला तर चालेल. निकष आणि पुरावा लपता कामा नये, एवढेच.

राहता राहिला सर्व्हरचा मालक, आणि माझ्या मते खरा दोषी पुष्कळदा तोच असतो. यादी एकदा जोडली की तो ती विसरून जातो. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट नावाची यादी हल्ल्यांना कंटाळून बंद झाली, आणि बंद होताना तिने विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला 'आहे, यादीत आहे' असे उत्तर द्यायला सुरुवात केली. सारे जग काळ्या यादीत! ज्यांनी डोळे मिटून ती जोडली होती त्यांच्याकडे एकही पत्र येईना. वास्तविक हे ओळखायची सोय आहे. १२७.०.०.२ हा पत्ता प्रत्येक यादीत असलाच पाहिजे, आणि १२७.०.०.१ हा कधीच असता कामा नये, असा संकेत आहे. रोज एकदा हे दोन प्रश्न विचारले तर यादी मेली आहे की वेडी झाली आहे हे लगेच समजते. पण रोज विचारणार कोण?

आणि एकाच यादीच्या शब्दावर फाशी का द्यावी? एक यादी फार सावध, फार नेमकी असेल तर तिच्या सांगण्यावरून दार लावावे. बाकीच्यांचे मत साक्षीदारासारखे घ्यावे. स्पॅमअसॅसिनसारख्या चाळण्या नेमके हेच करतात. प्रत्येक संशयाला काही गुण देतात आणि बेरीज ठरावीक रेषेवर गेली तरच पत्राला रद्दी ठरवतात. ज्यांच्याशी आपला नेहमीचा पत्रव्यवहार आहे त्यांची पांढरी यादीही जवळ असावी. आणि 'पोस्टमास्टर' या नावाचा जो पत्ता प्रत्येक सर्व्हरवर असतो त्याला कोणतीही काळी यादी लावू नये. कारण आज पुष्कळ ठिकाणी असे घडते की, मला तुम्ही चुकून अडवले आहे अशी तक्रार करायला माणूस पत्र लिहितो, आणि तेही त्याच यादीने परत येते. तुरुंगातल्या कैद्याने अर्ज जातीने कचेरीत आणून द्यावा, अशी ही तऱ्हा.

आपल्या महाविद्यालयाचे येणारे टपाल संगणक प्रयोगशाळेतल्या आपल्याच सर्व्हरवर उतरते. त्यावर कोणत्या याद्या लावल्या आहेत, असे मी चर्चासत्रानंतर तेथे जाऊन विचारले. साहाय्यकांनी आनंदाने दाखवले. तीन होत्या. एक चांगल्या नावाची. दुसरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सगळ्यांना धरणारी. तिसरी केव्हाच बंद पडलेली. प्रत्येक पत्रामागे तिच्या उत्तराची वाट पाहण्यात आपला सर्व्हर काही सेकंद उगाच थांबत होता. त्या कोणी आणि कधी लावल्या हे कोणालाच सांगता आले नाही. तिसरी त्यांनी माझ्यासमोरच काढली. दुसरीचा नकार बंद करून तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी मात्र प्राचार्यांची परवानगी लागते म्हणाले; तसा अर्ज मी सरांच्या सहीने दिला आहे, आणि तो ई-मेलने न देता हाताने दिला आहे.